अर्धा टक्का चुकला की डी-झिरो गेला

डी-झिरो (चार्म क्वार्क असलेला, क्षणात मोडणारा एक कण) टकरींच्या गर्दीतून शोधायचा कसा? आधी एक हिशोब करू. सर्न प्रयोगशाळेच्या एलएचसी या कण-त्वरकामध्ये शिशाची दोन अणुकेंद्रकं ५.०२ टीईव्ही (लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेला (ही प्रत्येक न्यूक्लिऑन-जोडीमागची, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या जोडीमागची ऊर्जा) समोरासमोर आदळतात. त्यातल्या सगळ्यांत मध्यवर्ती ५ टक्के टकरींमध्ये ॲलिस डिटेक्टरच्या मधल्या भागात, स्यूडोरॅपिडिटीच्या (बीमशी कणाचा कोन सांगणाऱ्या मापाच्या) एका एककात, सरासरी १९४३ विद्युतभारित कण निघतात. ट्रॅकिंग (कणांचे मार्ग, म्हणजे ट्रॅक, जुळवणं) उणे ०.८ ते अधिक ०.८ एवढ्या पट्ट्यात चालतं असं धरलं तर एका टकरीत साधारण ३१०० ट्रॅक झाले. निम्मे धन, निम्मे ऋण. आता डी-झिरो मेसॉन शोधायचा म्हणजे तो मोडून निघणारे एक केऑन आणि एक पायॉन अशी विरुद्ध भाराची जोडी लावायची आणि तिचं वस्तुमान काढायचं. १५५० गुणिले १५५० म्हणजे २४ लाख जोड्या. कुठला केऑन आणि कुठला पायॉन हे माहीत नसेल तर प्रत्येक जोडी दोनदा मोजावी लागते, म्हणजे ४८ लाख.

आणि या ४८ लाखांत खरा, केऑन-पायॉनमध्ये मोडलेला डी-झिरो असतो जेमतेम एखादा. कारण चार्म क्वार्क मुळातच कमी तयार होतात आणि डी-झिरो या मार्गानं मोडण्याची शक्यता आहे फक्त ३.९५ टक्के.

नागपुरात एमएस्सी करणारी मुलं हा विषय हाती घेतात तेव्हा त्यांचा सगळा जीव सिग्नलवर (खऱ्या डी-झिरोंवर) असतो. पीक (वस्तुमानाच्या आलेखातला उंचवटा) दिसला का, किती सिग्माचा (योगायोगाच्या चढउतारांच्या किती पट) आला? माझं मत उलटं आहे. या कामातला ८० टक्के वेळ बॅकग्राउंडवर (खोट्या जोड्यांच्या ढिगावर) घालवायला हवा, आणि त्यातही तो कमी करण्यापेक्षा त्याचा आकार (आलेखात तो कसा पसरतो ते) नेमका ओळखण्यावर. कारण आकड्यांत सांगतो.

समजा पीकखालच्या खिडकीत ५००० खरे डी-झिरो आहेत आणि १० लाख खोट्या जोड्या आहेत. सिग्नल भागिले एकूण मोजणीचं वर्गमूळ, म्हणजे ५००० भागिले १००२, साधारण ५ येतात. पाच सिग्मा! पेढे वाटावेत असा आकडा. पण त्या १० लाखांचा अंदाज अर्ध्या टक्क्यानं चुकला, तर चूक किती? बरोबर ५०००. म्हणजे अख्खा सिग्नल त्या चुकीत मावतो, आणि पाच सिग्मा हा आकडा ते तुम्हाला सांगत नाही. आता कट (जोड्या निवडायच्या अटी) कडक करून सिग्नल २००० वर आणला आणि बॅकग्राउंड ४० हजारांवर. खरे कण ६० टक्के फेकले, हळहळ वाटते. पण सिग्निफिकन्स (तोच सिग्माचा आकडा) जवळपास १० होतो आणि अर्ध्या टक्क्याची तीच चूक आता २०० जोड्यांची, म्हणजे सिग्नलच्या १० टक्के. म्हणून नुसतं सिग्निफिकन्स बघून कट ठरवू नका, सिग्नल आणि बॅकग्राउंडचं गुणोत्तर शेजारी लिहून ठेवा.

ढीग कमी करायला दोन हत्यारं आहेत: कण ओळखणं आणि मोडण्याची जागा.

ओळखण्याचं काम टाइम प्रोजेक्शन चेंबर आणि टाइम-ऑफ-फ्लाइट (कण पोहोचायला लागलेला वेळ मोजणारा थर) मिळून करतात. चेंबरच्या वायूत कण किती ऊर्जा सांडतो यावरून त्याची जात कळते, पण १ जीईव्ही (टीईव्हीचा हजारावा भाग) संवेगाच्या आसपास केऑन आणि पायॉनचे पट्टे एकमेकांना छेदतात आणि तिथे चेंबर आंधळा होतो. तिथून पुढे वेळ कामाला येतो. ॲलिसचा टाइम-ऑफ-फ्लाइट थर बीमपासून सुमारे ३.७ मीटरवर आहे. २ जीईव्हीला केऑन पायॉनच्या मागे साधारण ३४५ पिकोसेकंद पोहोचतो, ३ जीईव्हीला फरक उरतो १५० च्या आसपास, आणि ४ ला जेमतेम ८५. मोजणीची अचूकता ६० पिकोसेकंदांच्या घरात धरली तर अडीच-तीन जीईव्हीच्या पुढे केऑन म्हणून जे येतं त्यात पायॉनची भरपूर भेसळ असते. तिथे तीन सिग्माचा कट लावून उपयोग नाही, उलट कार्यक्षमतेची दुरुस्ती (निवडीत निसटलेल्या खऱ्या कणांची भरपाई) चुकण्याची भीती. त्या भागात ओळख सैल ठेवा आणि मोडण्याच्या जागेवर भिस्त ठेवा.

मध्यवर्ती टकरींत आणखी एक गोम आहे. टाइम-ऑफ-फ्लाइटच्या पट्ट्यांवर एवढी गर्दी असते की ट्रॅक भलत्याच हिटशी (थरावरच्या नोंदीशी) जुळतो. मग पायॉनला केऑनची, कधी प्रोटॉनची वेळ चिकटते. वेळेच्या वितरणाला लांब शेपटी दिसली की ती गॉसियननं (घंटेच्या आकाराच्या वक्रानं) फिट करू नका. ती मोजणीची अचूकता नाही, चुकीची जुळणी आहे, आणि तिचा साचा वेगळा काढावा लागतो.

आता मोडण्याची जागा. डी-झिरोचं सरासरी आयुष्य गुणिले प्रकाशवेग म्हणजे १२३ मायक्रॉन. ३ जीईव्ही संवेगाचा डी-झिरो सरासरी २०० मायक्रॉन जाऊन मोडतो. लॅम्डा-सी बॅरिऑनचं (चार्म क्वार्क असलेल्या दुसऱ्या एका कणाचं) आयुष्य गुणिले प्रकाशवेग तर ६० मायक्रॉनच. टकरीच्या बिंदूपासून ट्रॅक किती लांबून जातो हे मोजण्याची अचूकता ॲलिसच्या जुन्या आतल्या ट्रॅकरमध्ये १ जीईव्हीला साठ-सत्तर मायक्रॉन होती. म्हणजे मोजायची गोष्ट आणि मोजपट्टीची चूक एकाच मापाची. नवीन ट्रॅकरमध्ये सात थर आणि साडेबाराशे कोटी पिक्सेल आहेत, पहिला थर ३९ मिलिमीटरवरून सुमारे २२ मिलिमीटरवर आणला, आणि अचूकता वीस-पंचवीस मायक्रॉनवर आली. लॅम्डा-सीच्या अभ्यासाला खरा जोर त्यानंतर आला.

डी-झिरोसाठी सुरुवात करायची तर: मोडण्याचं अंतर १०० मायक्रॉनपेक्षा जास्त, दोन्ही ट्रॅकमधलं किमान अंतर ३०० मायक्रॉनपेक्षा कमी, आणि जोडीचा संवेग टकरीच्या बिंदूकडे परत बोट दाखवतो का, त्या कोनाचा कोसाइन ०.९५ च्या वर. सगळ्यांत कामाचा कट मात्र दोन ट्रॅकच्या इम्पॅक्ट पॅरामीटरचा (टकरीच्या बिंदूपासून ट्रॅक किती लांबून जातो त्याचा) गुणाकार. खऱ्या डी-झिरोत केऑन एका बाजूनं जातो, पायॉन दुसऱ्या बाजूनं, म्हणून गुणाकार ठळक ऋण येतो. खोट्या जोडीत तो शून्याभोवती दोन्हीकडे सारखा पसरतो. हे आकडे अंतिम नाहीत. संवेगाच्या प्रत्येक बिनला (तुकड्याला) वेगळे ठरवावे लागतात, कारण कमी संवेगाला ट्रॅक डिटेक्टरच्या पदार्थात जास्त विखुरतात.

एवढं करून जे उरतं ते बॅकग्राउंड. आता त्याचा आकार.

सगळ्यांना आधी सुचतो तो लाइक-साइन मार्ग: दोन्ही धन किंवा दोन्ही ऋण अशा जोड्या लावा, त्यात खरा डी-झिरो असूच शकत नाही. धन-धन आणि ऋण-ऋण मोजण्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ घ्यायचं आणि दुप्पट करायचं. मध्यवर्ती शिसे-शिसे टकरींत हे बरं चालतं. अडचणी दोन. एक, एखाद्या बिनमध्ये ऋण-ऋण शून्य आलं तर गुणाकारच शून्य होतो, मग धन-धन कितीही असो. कमी मोजणीच्या बिनमध्ये म्हणूनच हा मार्ग पद्धतशीरपणे कमी दाखवतो. तिथे गुणाकार सोडा, साधी बेरीज घ्या. दोन, लाइक-साइनमध्ये जोड्या तेवढ्याच, म्हणून वजाबाकी केली की सांख्यिकी चूक जवळपास दोनच्या वर्गमूळाएवढी वाढते. पाच सिग्माचे साडेतीन होतात.

म्हणून इव्हेंट मिक्सिंग (इव्हेंट म्हणजे एक टकर). एका टकरीतला केऑन, दुसऱ्या टकरीतला पायॉन. शनिवारी संध्याकाळच्या, नागपूरच्या बर्डी बाजारातल्या मेन रोडचे दोन वेगवेगळ्या शनिवारचे फोटो घ्या, एकातून एक माणूस उचला, दुसऱ्यातून दुसरा. हे दोघं जोडीनं खरेदीला आलेले असणं शक्यच नाही, पण गर्दी किती, लोंढा कुठल्या बाजूला, हे दोन्ही फोटोंत सारखंच आहे. मात्र मंगळवारी सकाळचा फोटो घेतलात तर जोडीचा सगळा आकारच बिघडतो. मिक्सिंगमध्ये पूल (एकसारख्या टकरींचे गट) करायचे ते याचसाठी: सेंट्रॅलिटी (टकर किती मध्यवर्ती) ५ किंवा १० टक्क्यांच्या बिनमध्ये, टकरीची बीमच्या दिशेतली जागा एक-दोन सेंटिमीटरच्या बिनमध्ये, आणि इव्हेंट प्लेनचा कोनही. तिसरी गोष्ट पुष्कळ जण विसरतात. कण बाहेर पडताना एका प्रतलाकडे (हेच इव्हेंट प्लेन) झुकून वाहतात, त्याला एलिप्टिक फ्लो म्हणतात. खऱ्या टकरीत दोन्ही ट्रॅक एकाच प्रतलाशी बांधलेले असतात. वेगवेगळ्या प्रतलांच्या टकरी मिसळल्या की जोडीच्या कोनांचं वितरण सपाट होतं आणि इन्व्हेरियंट मासचा (जोडीच्या वस्तुमानाचा) आकार हळूच वाकतो. तो वाक एक-दोन टक्क्यांचा असला तरी वरचा अर्ध्या टक्क्याचा हिशोब आठवा.

प्रत्येक टकर किमान १० दुसऱ्या टकरींशी मिसळली की मिक्स बॅकग्राउंडची स्वतःची सांख्यिकी चूक नगण्य होते. नॉर्मलायझेशन (मिक्स बॅकग्राउंडला एका गुणकानं खऱ्या मोजणीशी जुळवणं) पीकच्या बाहेरच्या भागात करायचं, आणि ते किमान दोन वेगळ्या भागांत करून बघायचं. दोन्हीकडून येणारा गुणक एकमेकांशी पाव टक्क्यात जुळत नसेल तर आकार चुकला आहे. गुणक बदलून तो सुधारत नाही.

मिक्सिंगमध्ये दिसायला बारीक पण घातक चूक ही: दोन टकरींचे बिंदू वेगळे असतात. पहिल्या टकरीचा ट्रॅक तिच्या बिंदूपासून ५० मायक्रॉनवरून गेला, दुसरीचा तिच्या बिंदूपासून ८०. आता या दोघांचं एकमेकांतलं अंतर, मोडण्याचं अंतर, कोसाइन, हे सगळं काढायचं तर दोन्ही ट्रॅक एकाच बिंदूवर सरकवून आणावे लागतात. तसं न करता कट लावले तर मिक्स बॅकग्राउंड जवळजवळ रिकामंच दिसतं किंवा भलताच आकार घेतं. डी-झिरोसारख्या मायक्रॉनांच्या खेळात म्हणूनच पुष्कळ लोक मिक्सिंग टाळतात आणि (वस्तुमानाच्या आलेखात पीकच्या) बाजूच्या पट्ट्यांतून किंवा रोटेशननं आकार घेतात.

रोटेशन म्हणजे त्याच टकरीतला एक ट्रॅक बीमभोवती १८० अंश फिरवायचा. पूल नको, सेंट्रॅलिटी जुळवणं नको, आणि एलिप्टिक फ्लोची आवर्तनं १८० अंशांचीच असल्यामुळे तो जसाच्या तसा राहतो. ९० अंश फिरवलं तर मात्र फ्लो उलटतो. असं करणारे कोड पाहिले आहेत, करू नका. तोटा हा की चेंबरच्या प्रत्येक बाजूला १८ सेक्टर आहेत, त्यातला एखादा बंद असेल तर फिरवलेला ट्रॅक तिथे पडतो जिथे खरा ट्रॅक कधी दिसलाच नसता. १८० च्या आजूबाजूचे आठ-दहा कोन घेऊन सरासरी काढली की हे बरंचसं पुसलं जातं.

यातली कुठलीही रीत वापरा, काही बॅकग्राउंड तिच्या हाती लागत नाही, कारण ते योगायोगाचं नसतंच. डी-झिरोच केऑन-पायॉनची अदलाबदल करून मोजला की पीकच्या खाली एक रुंद उंचवटा तयार होतो. त्याचा साचा सिम्युलेशनमधूनच घ्यावा लागतो. डी-झिरो कधी केऑन, पायॉन आणि एक उदासीन पायॉन असा मोडतो. उदासीन पायॉन निसटला की उरलेल्या जोडीचं वस्तुमान १.८६५ (डी-झिरो) वजा ०.१३५ (पायॉन) म्हणजे १.७३ जीईव्हीच्या खाली येतं. तुमच्या फिटची डावी कड १.७० वर असेल तर तो ढीग तुमच्या बॅकग्राउंडच्या फलनाला खेचतो आणि पीक मोठा किंवा लहान होतो. डावी कड १.७३ च्या थोडी वर ठेवून बघा, मग खाली नेऊन बघा. उत्तर बदललं तर कारण हेच. फिट करताना पीकची रुंदी आधी सिम्युलेशनमधून बांधून ठेवा. मोकळी सोडली की कमी सिग्नलच्या बिनमध्ये ती पसरते आणि बॅकग्राउंडचे चढउतार गिळून सिग्नल म्हणून दाखवते.

मशीन लर्निंगबद्दल थोडक्यात, कारण त्याचं कौतुक गरजेपेक्षा जास्त होतं. बूस्टेड डिसिजन ट्री (खऱ्या-खोट्या जोड्या वेगळ्या करायला शिकणारं मॉडेल), बहुतेक वेळा एक्सजीबूस्ट, सिग्नल सिम्युलेशनमधून आणि बॅकग्राउंड खऱ्या डेटाच्या बाजूच्या पट्ट्यांतून देऊन शिकवतात. हाताच्या कटांपेक्षा तो चांगला असतो हे खरं. पण त्याला दोन्ही ट्रॅकचे संवेग आणि मधला कोन दिलात तर तुम्ही त्याला वस्तुमानच दिलंत. मग तो पीकच्या जागेच्या जोड्या निवडतो आणि नुसत्या बॅकग्राउंडमधून पीक उभा करतो. तपासणी सोपी आहे: तोच स्कोअर-कट (मॉडेलनं जोडीला दिलेल्या गुणांची अट) लाइक-साइन जोड्यांवर लावा. तिथेही १.८६५ ला फुगवटा आला तर मॉडेल टाकून द्या. दुसरी गोष्ट, सिम्युलेशनमध्ये इम्पॅक्ट पॅरामीटरची अचूकता खऱ्यापेक्षा बरी दिसते. मॉडेल त्यावर विसंबतं आणि कार्यक्षमता फुगते. स्कोअर-कट सैल ते कडक असा सरकवत न्या आणि दुरुस्त केलेलं उत्पन्न (तयार झालेल्या कणांची संख्या) स्थिर राहतं का बघा. एका दिशेनं घसरत गेलं तर सिम्युलेशन खोटं बोलतंय. आणि कट ठरवताना अपेक्षित सिग्नल वापरा, डेटातला दिसणारा पीक नाही. नाहीतर तुम्ही चढउतारालाच निवडता.

अगदी दुर्मिळ कणांची गोष्ट निराळी. २०११ मध्ये अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेच्या स्टार प्रयोगानं सोन्याच्या अणुकेंद्रकांच्या १०० कोटी टकरींतून प्रतिहीलियम-४ चे (हीलियम-४ केंद्रकाच्या प्रतिद्रव्य रूपाचे) १८ कण काढले. इथे जोड्या लावायच्याच नाहीत, एकच ट्रॅक. हीलियमचा भार दुप्पट, म्हणून तेवढ्याच वेगाला तो चेंबरमध्ये चौपट ऊर्जा सांडतो आणि गर्दीतून वर उठून दिसतो. मग हीलियम-३ आणि ४ वेगळे करायला टाइम-ऑफ-फ्लाइट. गंमत अशी की प्रतिकण इथे साध्या कणांपेक्षा स्वच्छ मिळतात. बीमच्या नळीवर कण आपटून साधं हीलियम सुटतं आणि कमी संवेगाला खोटे हीलियम भरपूर येतात. प्रतिहीलियम धातूतून निघत नाही.

स्टारनंच २०२४ मध्ये प्रतिहायपरहायड्रोजन-४ (लॅम्डाचा प्रतिकण सामावलेलं जड प्रतिहायड्रोजन केंद्रक) जाहीर केला: २२ उमेदवार, त्यात बॅकग्राउंडचा अंदाज ६.४. म्हणजे सिग्नल १५.६. आता याचे सिग्मा काढा. सिग्नल भागिले एकूण मोजणीचं वर्गमूळ: ३.३. सिग्नल भागिले बॅकग्राउंडचं वर्गमूळ: ६.२. प्वासाँच्या लाइकलिहूड गुणोत्तरानं (कमी मोजणीलाही चालणाऱ्या संख्याशास्त्रीय सूत्रानं): ४.८ च्या आसपास. आकडे तेच, उत्तरं तीन. मोजणी पन्नासच्या खाली असली की पहिली दोन सूत्रं बाजूला ठेवा, तिसरंच वापरा, आणि ६.४ या अंदाजाची स्वतःची चूकही त्यात घाला.

हे सगळं वाचून हात शिवशिवत असतील तर डी-झिरोनं सुरुवात करू नका. सर्नच्या ओपन डेटा पोर्टलवर ॲलिसच्या २०१० च्या टकरी आहेत. त्यातून के-शॉर्ट (दोन पायॉनमध्ये मोडणारा) आणि लॅम्डा (प्रोटॉन-पायॉनमध्ये मोडणारा) हे कण काढा. हे मायक्रॉन नाही तर सेंटिमीटर चालून मोडतात, २.७ आणि ७.९. रूट (कणभौतिकीच्या विश्लेषणाचं सॉफ्टवेअर) आणि पायथन कोंडातून (सॉफ्टवेअर बसवायच्या साधनातून) बसतं. थोड्या फाइलींवर साधा लॅपटॉप पुरतो. मिक्सिंगचं काम मात्र मे महिन्यात दुपारी लावू नका. नागपूरच्या ४५ अंशांत प्रोसेसर स्वतःच गती कमी करतो. रात्री लावा, पण कूलरच्या झोतात लॅपटॉप ठेवू नका, ती हवा ओली असते.

लॅम्डासाठी: दोन्ही ट्रॅक टकरीच्या बिंदूपासून एक मिलिमीटरपेक्षा लांब, मोडण्याची त्रिज्या ५ सेंटिमीटरच्या वर, कोसाइन ०.९९८ च्या वर. मग प्रत्येक जोडी दोन पायॉन समजून पुन्हा मोजा आणि ज्यांचं वस्तुमान ०.४९८ जीईव्हीच्या १० एमईव्हीच्या (एमईव्ही म्हणजे जीईव्हीचा हजारावा भाग) आत येतं त्या काढून टाका, नाहीतर के-शॉर्ट लॅम्डाच्या बॅकग्राउंडमध्ये घुसून बसतात. पीक १.११५७ जीईव्हीला यायला हवा, रुंदी दोन-तीन एमईव्ही. १ एमईव्ही सरकलेला दिसला तर फिटला हात लावू नका; आधी चुंबकीय क्षेत्राचं मूल्य आणि पदार्थातून जाताना गमावलेल्या ऊर्जेची दुरुस्ती तपासा, बहुधा चूक तिथेच सापडते.